धरलेला पाय खाली ठेवताना

राऊत सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. ते खरं नाही. भांडायला मी गेलो होतो हे खरं, पण भांडण झालं नाही.

नोकरीसाठी मी जळगावहून बोईसरला आलो, त्या वर्षी मला बहुतेक रात्रपाळीच असे. औद्योगिक वसाहतीच्या कडेला घेतलेल्या माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याचा गाळा होता. पूर्वी त्यात रिकामी पिंपं ठेवत. कामावर जाण्याआधी संध्याकाळी मी जरा पडलो की त्या गाळ्यातून धप्प, धप्प असे आवाज सुरू होत. काही दिवस कानावर उशी घेतली. मग एकदा चपला अडकवून तसाच गेलो आणि दारातूनच म्हणालो, "काय मारामारी चालवली आहे इथे?"

आतून एक बसक्या बांध्याचे, गळ्यात शिट्टी अडकवलेले गृहस्थ पुढे आले. शांतपणे म्हणाले, "मारामारीचा आवाज एवढा नसतो. हा पडण्याचा आवाज हाय. आत या. बघा आणि मग सांगा, बंद करायचं का."

आत मुलं-मुली जोडीजोडीने उभी होती. एकाने लाथ मारायची, दुसऱ्याने तो पाय धरून त्याला पाडायचं, एवढंच चाललं होतं. त्या गृहस्थांनी, म्हणजे राऊत सरांनी, मला विचारलं, "तुम्हाला पडता येतं का?" मी म्हणालो, "पडायला काय यायचं असतं?" त्यावर कोणी हसलं नाही, हे मला अजून आठवतं. पुढच्याच आठवड्यात माझ्या खोलीच्या भिंतीला हादरे देणाऱ्यांमध्ये मीही होतो.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांपैकी बरेच जण सरांना शाळेतले खेळाचे शिक्षक म्हणून ओळखतात. काहींना त्यांचा गाळा ठाऊक आहे, पण तिथे चालतं ते म्हणजे पिंजऱ्यातली हाणामारी, असा समज अजून आहे. म्हणून थोडं सांगणं भाग आहे. मिश्र मार्शल आर्टमध्ये ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, जमिनीवरची झुंज हे सगळं जाळीच्या पिंजऱ्यात, एकाच लढतीत चालतं. त्यामुळे लाथ मारण्यात पटाईत असलेल्याची गाठ कधी तरी पट काढण्यात पटाईत असलेल्याशी पडतेच. पट काढणं म्हणजे खाली वाकून समोरच्याचे पाय कवेत घेऊन त्याला उलथणं. अशा माणसासमोर लाथ मारावी की नाही, हा या खेळातला जुना प्रश्न आहे. सरांनी उभं आयुष्य या एका प्रश्नाभोवती काढलं, असं लिहिलं तर ते म्हणतील, "महाजन, एवढं पण नाय." तरी मी ते लिहितो, कारण मला ते खरं वाटतं.

हरेश्वर राऊत सर मूळचे माकुणसारचे. तरुणपणी ते कबड्डी खेळत आणि त्यांची जागा कोपऱ्यातली. चढाई करणारा गडी आत येतो, शिवण्यासाठी पाय फेकतो, आणि कोपऱ्यातला तोच पाय घोट्यात धरतो. आपल्या गावोगावच्या मैदानांवर हे पाहत आपण मोठे झालेलो असतो, पण त्यात लाथ आणि पकड यांचं सगळं गणित आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सरांच्या लक्षात आलं. पुढे औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आलेल्या एका घाटावरच्या वस्तादांकडून ते कुस्ती शिकले. सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन लाथांचं शिक्षण घेतलं. शाळा सुटल्यावर गाळा, असा त्यांचा दिवस निवृत्त होईपर्यंत चालला. आता शाळा नाही, म्हणून गाळा दुपारपासून उघडा असतो.

त्यांची शिकवण थोडक्या शब्दांत सांगता येते, पण अंगी यायला वर्षं लागतात. ते म्हणत, "लाथ मारायची म्हणजे आपला अर्धा आधार समोरच्याच्या हाती द्यायची तयारी. ती तयारी नसेल तर मारू नका." लाथेला लांबचा पल्ला आहे, म्हणून पकडीच्या खेळाडूला दूर ठेवायला तिच्यासारखं हत्यार नाही. तो पुढच्या पायावर भार देऊन वाकलेला असतो. त्याच पोटरीवर दोन-तीन लाथा बसल्या की त्याची झेप मंदावते. डोक्याकडे लाथ येईल ही धास्ती असेल तर तो वाकायलाही कचरतो. हे झाले फायदे. तोटा एकच, पण मोठा. पाय हवेत आहे तेवढा वेळ आपण एका पायावर असतो, आणि दमलेल्या माणसाची लाथ संथ होते. म्हणून सरांचे नियम ठरलेले. हाताआधी पाय नाही, म्हणजे ठोशाने त्याचे हात वर गुंतवल्याशिवाय लाथ नाही. समोरचा अंगावर धावून येत असताना लाथ नाही. मागे सरत असेल किंवा खालून उठत असेल तेव्हा मारावी. आणि पाय धरला गेलाच, तर तो ओढायचा नाही. माणूस घाबरून मागे ओढतो आणि तिथेच गुडघ्याला पिळा बसतो. उलट, पाय धरणाऱ्याच्या अंगाशी जायचं, त्याची मान किंवा खांदा धरायचा आणि त्याच्याच आधारावर उभं राहायचं.

गाळ्यातली एक रीत मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. सरावात ज्याने पाय धरला, त्याने समोरच्याला पाडून झाल्यावर किंवा डाव थांबल्यावर तो पाय हातातून सोडून द्यायचा नाही. दोन्ही हातांनी, सावकाश, मॅटवर ठेवायचा. मगच पुढचा डाव. "टाकायचा नाय, ठेवायचा," हे सरांचं वाक्य दिवसातून कितीदा ऐकू यायचं याला मोजमाप नाही. बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटे. गोरखपूरकडचा एक वेल्डर नव्याने येऊ लागला होता, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "इधर फाइट सिखाते हैं कि आरती उतारते हैं?" सर म्हणाले, "आरती ही समझ लो. प्रसाद बाद में मिलेगा." थोड्याच दिवसांत तो वेल्डर नव्या मुलांना दरडावू लागला, "अरे, रख, रख, फेंक मत."

माझे वडील अखेरच्या काळात माझ्याकडे बोईसरला होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती. सरांना मी बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा येत राहिले. वडिलांना खुर्चीवर बसवून त्यांचा लुळा पाय ते उचलत, थोडा धरून ठेवत आणि परत जमिनीवर ठेवत. वडील कोर्टात कारकून होते, त्यांची जीभ जड झाली होती तरी खवचटपणा गेला नव्हता. एकदा म्हणाले, "सर, घाबरू नका. मी पट काढणार नाही." सरांनी उत्तर दिलं, "काका, तुमचा भरवसा नाय. म्हणून तर पाय धरून ठेवलाय." वडील पुन्हा चालले, असं लिहायला मला आवडलं असतं. ते चालले नाहीत. पण उठून बसताना घाबरायचे, ते घाबरेनासे झाले. हे उपकार फेडण्याजोगे नाहीत आणि सरांच्या लेखी ते उपकार नव्हतेच.

आता जो प्रसंग लिहायचा आहे, त्याबद्दल माझ्या मनात बरीच घालमेल झाली. गौरवलेखात ज्यांचा गौरव करायचा त्यांची चूक लिहावी का? मी रोज थोडंफार लिहिणारा माणूस आहे, पण ते स्वतःपुरतं. हे छापून येणार. शेवटी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहा. नायतर लेख कुणावर हाय ते लोकांना कळणार नाय."

दर्शना तांडेल ही दातिवऱ्याची मुलगी. आई मासळी विकते, वडील बोटीवर. बोटी आल्या की घरात हात लागतात, म्हणून सरांनी तिच्यासाठी सरावाची वेळ भरती-ओहोटी पाहून बदलती ठेवली होती. तिच्यासारखी लाथ गाळ्यात दुसऱ्या कुणाची नाही. कमरेतून वळून पाय असा येतो की समोरच्याला तो उचललेला दिसतच नाही. पण मागच्या वर्षी एका पाहुण्या खेळाडूबरोबर सराव करताना तिचा पाय धरला गेला, आणि शिकलेलं सगळं विसरून तिने तो ओढला. गुडघ्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बरेच महिने ती बाहेर होती. परतली तेव्हा डॉक्टरांनी खेळायची मोकळीक दिली होती, पण बजावलं होतं, पुन्हा असाच पिळा बसला तर खेळ विसरावा लागेल.

ती परत आल्यावर सरांनी तिला महिनोन्‌महिने एकच सराव दिला. पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि अंगाशी जायचं. पुन्हा द्यायचा, पुन्हा जायचं. इथपर्यंत ठीक होतं. मग राज्य शिबिरासाठीची निवड लढत पालघरला ठरली. समोर कुस्तीतून आलेली, पट काढण्यात नाव असलेली मुलगी होती. आणि सरांनी दर्शनाला सांगितलं की या लढतीत लाथ मारायची नाही. एकही नाही.

मला ते पटेना. लाथेची धास्ती नसेल तर पकडीचा खेळाडू बिनधास्त आत येतो, हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. गाळा बंद करून आम्ही पायरीवर बसलो असताना मी तसं म्हणालो. सरांनी हातातलं कुलूप पायरीवर ठेवलं. मग त्यांनी मोरेश्वरांची हकीकत सांगितली. मोरेश्वर पाटील म्हणजे त्यांचे बालमित्र, माकुणसारमध्येच शेजारच्या आळीतले. एका गावच्या सामन्यात ते समोरच्या संघाकडून चढाईला आले. पाय फेकला. सरांनी घोटा धरला. मोरेश्वरांनी मध्यरेषेकडे सगळ्या ताकदीने ओढ घेतली, सरांनी सोडलं नाही, आणि गुडघा गेला. त्या काळी गावात त्यावर उपचार काय होणार? मोरेश्वर तेव्हापासून लंगडतात. त्यांनी कधी सरांना दोष दिला नाही, आणि सरांनी तो विषय त्यांच्याकडे कधी काढला नाही.

"महाजन," सर म्हणाले, "दर्शनाचा पाय वर गेला की मला तिचा पाय दिसत नाय. मोरूचा दिसतो."

मी म्हणालो, "पण सर, लढत दर्शनाची आहे."

"ते मला कळतंय," ते म्हणाले. "मी आयुष्यभर पाय धरणारा. मारणाऱ्याच्या बाजूने मी कधी उभाच राहिलो नाय." पण नियम त्यांनी बदलला नाही.

लढतीच्या दिवशी सरांसोबत पिंजऱ्याबाहेर दर्शनाच्या कोपऱ्यावर मी होतो, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन. पहिल्या फेरीत जे व्हायचं ते झालं. समोरची मुलगी थोडा वेळ अंदाज घेत राहिली. लाथ येत नाही हे लक्षात आल्यावर ती सरळ वाकून आत आली, दर्शनाला जाळीला टेकवलं आणि खाली घेतलं. उठली की पुन्हा तेच. लोक ओरडत होते, "अगो, पाय चालव ना." दर्शना हातांनी लढत राहिली. घंटा झाली तेव्हा तिच्या डोळ्याखाली सूज आली होती.

स्टुलावर बसता बसता ती म्हणाली, "सर, तिला ठाऊक झालंय मी पाय उचलणार नाय."

"हात चालव, बाय. हात आखडता घेतेस तू."

"हात चालवूनच मार खातेय मी." तिने बाटली बाजूला केली. आवाज चढवला नाही. "गुडघा माजा हाय सर. मला पण भीती वाटते. पण तुमी माजा पाय बांदून मला आत सोडलंय. असं हरायला मी दातिवऱ्यावरनं नाय आले."

दोन फेऱ्यांच्या मध्ये मिळणारा वेळ फार थोडा असतो. सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तिचा तोच पाय, दुखावला गेलेला, दोन्ही हातांत घेतला.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "पाय सोड. पोटरीवर मार. आणि हाताआधी?"

"पाय नाय."

"आणि धरला तर?"

"ओढायचा नाय."

"मग?"

"तिच्याकडं जायचं."

त्यांनी तो पाय खाली ठेवला. पंचांनी बाहेर व्हा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या फेरीत दर्शनाची पहिली लाथ पोटरीवर बसली, तो आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला असेल. समोरची मुलगी चमकली. ठोसा दाखवून पुन्हा एक, मग पुन्हा. ती वाकायच्या आधी आता क्षणभर थांबू लागली, आणि त्या क्षणात दर्शनाचे ठोसे पोचू लागले. ती फेरी दर्शनाची होती, एवढं मलाही कळत होतं. तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या. आणि दमलेल्या माणसाची लाथ संथ होते, हे सरांचं म्हणणं तेव्हा खरं झालं. दर्शनाने एक लाथ उंच मारली. ती धरली गेली.

मी सरांकडे पाहिलं. त्यांची शिट्टी त्यांनी मुठीत गच्च धरली होती. समोरच्या मुलीने पाय खांद्यापर्यंत चढवला आणि मागे सरकू लागली, म्हणजे दर्शनाने ओढावा. दर्शनाने ओढला नाही. एका पायावर उड्या घेत ती तिच्या अंगाशी गेली, तिची मान कवेत घेतली आणि दोघी मिळून पडल्या. खाली दर्शना होती, पण पाय मोकळा होता आणि गुडघा सरळ होता.

निकाल थोडक्या गुणांनी दर्शनाच्या विरुद्ध गेला. पहिल्या फेरीने ती लढत घालवली, असं मी समजतो. सर वेगळं समजत असतील असं वाटत नाही. दर्शना पिंजऱ्याच्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरली. सर तिच्या पावलांकडे पाहत मागून चालत होते. कपडे बदलायच्या खोलीपाशी पोचल्यावर ते मला हळूच म्हणाले, "महाजन, काय लागला निकाल?" त्यांना तो ऐकूच आला नव्हता.

दर्शनाने ते ऐकलं. "हरलो सर," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी तुमी पहिल्या फेरीपासनं माज्या बाजूला उभं राहा."

"राहतो," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आम्हा दोघांना माकुणसारला घेऊन गेले. मोरेश्वर आपल्या वाडीत ओट्यावर बसले होते. काठी शेजारी टेकवलेली. दर्शनाला त्यांनी जवळ बसवून लढतीची सगळी हकीकत विचारून घेतली. पाय धरला गेला तिथे ती आली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"आणि तू ओढला नाय?"

"नाय काका."

"हं," असं म्हणून ते सरांकडे वळले. "हरेश्वर, ऐकलंस? तू माजा घोटा धरलास, तो तुजा खेळ व्हता. ओढला मी. मला लाइन दिसत व्हती, पाय दिसत नव्हता. एवढी वर्षं तू माज्या वाट्याचं पण घेऊन बसलायस. मी बोललो नाय, म्हटलं घेऊन बसलाय तर बसू दे, निदान मासे आणून देतो."

सर हसायला गेले, पण त्यांना ते नीट जमलं नाही.

"ये, मार," मोरेश्वर म्हणाले. "मार एकदा. बघू या कोपऱ्यातल्याला लाथ येते काय."

साठीला आलेले सर अंगणात उभे राहिले. चप्पल काढली. बाहेरून वळवत त्यांनी पाय उचलला, अगदी संथ, ओट्याच्या उंचीएवढा. मोरेश्वरांनी बसल्याजागी त्यांचा घोटा धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरूनच ठेवला. सर एका पायावर उभे होते, तोल सांभाळत, पाय मागे न घेता. मग मोरेश्वर पुढे वाकले आणि तो पाय दोन्ही हातांनी अंगणातल्या मातीत ठेवला.

"टाकला नाय," ते म्हणाले. "ठेवला बघ."

मग दर्शना म्हणाली, "सर, हाताआधी पाय मारलात." आणि मोरेश्वर इतके हसले की त्यांची काठी खाली पडली.

सरांचं साठावं वर्ष पूर्ण होत असताना मोठे शब्द लिहायचं मी टाळलं आहे. मसुद्यात एके ठिकाणी 'निर्भय' असा शब्द आला होता, तो मी खोडला. सर निर्भय नाहीत. भीती वाटत असताना त्यांनी आपली चूक भर पिंजऱ्यात गुडघ्यावर बसून कबूल केली आणि एका मुलीला तिचा खेळ परत दिला. मला त्यांचं मोठेपण यात दिसतं. गाळ्यात अजून किती तरी पाय उचलले जायचे आहेत, आणि दर्शनाच्या पहिल्या फेरीला ते येणार असा शब्द त्यांनी दिला आहे. तो पाळण्यासाठी त्यांना भरपूर आयुष्य आणि धड गुडघे मिळोत. आणि कधी त्यांचाच तोल गेला, तर त्यांचा पाय धरणारे हात त्यांनीच शिकवलेले असोत.